रात्र नसलेले सिनेमे

मी मुळात संशयी बाई आहे. पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान वाचते, म्हणजे लेखक आपल्याला कुठे नेणार आहे ते कळतं आणि मधल्या रस्त्यात त्याच्यावर नीट लक्ष ठेवता येतं. चांदण्यावर कविता लिहिणाऱ्यांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. हा माणूस त्या रात्री खरंच बाहेर गेला होता का, की खिडकी लावून, डासांची अगरबत्ती पेटवून टेबलापाशी बसला होता, असा प्रश्न मला पडतोच. नट पडद्यावर रडायला लागला की मी त्याच्या नाकाकडे बघते. डोळ्यांत पाणी कुणीही आणतो, नाक लाल करणं सोपं नाही. माझी सून म्हणते, "आई, तुम्हाला काही मनापासून आवडतं तरी का हो?" आवडतं. अगदी जीव टाकावा असं आवडतं. एकेक कविता मी आजही भाकऱ्या थापताना म्हणते, काही कादंबऱ्यांची पानं हात लागून लागून पिवळी पडलीत, आणि एक सिनेमा तर असा आहे की तो आठवला की अजून छातीत काहीतरी हलतं. पण त्या सिनेमावर माझा सगळ्यात जास्त संशय आहे, कारण तो मी आधी ऐकला, पाहिला फार उशिरा, आणि ऐकलेला आणि पाहिलेला सिनेमा एक नव्हता.

मुलाने आता वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. मागे एकदा मुंबईची एक मुलगी ओटीवर येऊन बसली आणि गप्पांच्या ओघात म्हणाली, "आजी, तुमचा सगळ्यात आवडता पिक्चर कुठला?" मी तिला गोष्ट सांगितली. भर दुपारी, डोक्यावर ऊन तळपत असताना एक माणूस किनाऱ्यावरून होडी ढकलतो, त्याचा पांढरा सदरा उन्हात एवढा चमकतो की काठावरच्या बाईला डोळ्यांवर हात धरावा लागतो, आणि हात काढते तो होडी गेलेली असते. मुलीने फोनवर पुष्कळ शोधलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, असा पिक्चर नाहीये." मी म्हटलं, "आहे. तुझ्या फोनला माहीत नसेल."

आमच्या लहानपणी नागावात आमच्या आळीच्या बायका सिनेमा बघायला जात नसत, सिनेमा आणायला जात. हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाला समजायचं नाही. आमची नारळी-पोफळीची वाडी. सुपारी काढून उन्हात वाळवली की ती सोलायचं काम सुरू व्हायचं, आणि ते काम दिवसचे दिवस चालायचं. अंगणात मांडवाखाली बायका गोल बसत, हातात लहानशी धारदार सुरी, एका बाजूला वाळलेल्या सुपाऱ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला सालांचा. त्या सालांचा कोरडा, तुरट वास केसांना, लुगड्यांना, अगदी रात्रीच्या भातालाही लागल्यासारखा वाटायचा. काम कंटाळवाणं, तोंडं मात्र मोकळी. मग सगळ्यांनी मिळून एकीला अलिबागला पाठवायचं. तिने दुपारचा खेळ बघायचा आणि येऊन तो सिनेमा सगळ्यांना सांगायचा, अर्धा आज, अर्धा उद्या, गाण्यांसकट. सगळ्यांना जायला ना वेळ, ना परवानगी. एक जण जाऊन यायची आणि अख्ख्या आळीचा सिनेमा व्हायचा. सांगणारीला सोलायचं काम माफ.

सिनेमा आणायचा मान माझ्या वनूआत्याचा होता. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, दादांची, धाकटी बहीण. लग्न व्हायचं होतं. उंच, सावळी, ताठ मानेची. दिवसा वाडीतून चालायची ती अशी की पायाखालचं पान वाजू नये. तिची आठवणशक्ती तर विचारू नका. कविता एकदा कानावर पडली की तिची झाली. मी शाळेतून शिकून यायचे ती कविता मला घोकावी लागायची आणि आत्या भाजी निवडता निवडता माझ्याआधी म्हणून मोकळी व्हायची. सिनेमा सांगायला बसली की बोलण्याची ढब बदलायची. नायकाचा खर्जातला आवाज ती स्वतःच्या आवाजाच्या तळातून काढायची, सासूचा नाकातला, पोराचा बोबडा. दार वाजलं, घोडा थांबला, काचेचा पेला फुटला, हे सगळं तिच्या सिनेमात ऐकू यायचं. सिनेमाची खरी नावं आमच्या लक्षात राहत नसत. आम्ही म्हणायचो होडीचा सिनेमा, विहिरीचा सिनेमा, आंधळ्या घोड्याचा सिनेमा. त्या खर्जातल्या नटावर माझा फार जीव होता. आत्याने सांगितलं होतं की तो ताडमाड उंच आहे, रंगाने उजळ, डोळे घारे. मी रोज शाळेत जाताना त्याच्याशी मनातल्या मनात भांडायचे.

पण मी म्हटलं ना, मी संशयी. तेव्हाही होते. आत्याचे सिनेमे ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. आत्याच्या सिनेमात कधी रात्र होत नसे. चोर दिवसा यायचा. प्रेमिक दिवसा भेटायचे. म्हातारा बाप दिवसाढवळ्या मरायचा, आणि भूतसुद्धा ऐन बाराच्या उन्हात विहिरीवर बसायचं. एकदा मी विचारलं, "आत्या, भूत दुपारी कसं गं?" तर म्हणाली, "त्यांच्याकडची भुतं तशीच असतात." बायका हसल्या. मला हसू आलं नाही. आणखीही बारीकसारीक होतं. दिवेलागण झाली की आत्या ओटीवरून खाली उतरत नसे. मागच्या दारची धुणी आणायची असली की मला पिटाळायची. थंडीत आमच्या शेतावर पोपटी लावायचे; वालाच्या शेंगा, बटाटे, भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भरून वर आगटी. सगळं घर शेतावर जायचं आणि आत्या म्हणायची, "मला न्हाय आवडत तो धुराचा वास, तुमी माझ्या वाटणीचं घेऊन या." आणून दिली की मात्र बोटं चाटून खायची. आणि पुस्तकं. वाचनालयातली कादंबरी आणली की संध्याकाळी कंदिलाशी ती माझ्याकडून वाचून घ्यायची. "तुझा आवाज छान हाय" म्हणायची. माझा आवाज तेव्हाही फुटक्या मडक्यासारखा होता. मला वाटायचं, ही काहीतरी लपवते आहे.

घरात दुसरी संशयी बाई होती ती मोठी काकी. काका मुंबईला गोदीत कामाला, त्यामुळे घराच्या किल्ल्या काकीच्या कमरेला. माझी आई गरीब, बोलण्यापेक्षा ऐकणारी. घर चालायचं ते काकीच्या शब्दावर. काकी दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघायची, कोळणीच्या पाटीतल्या माशाचा कल्ला उघडून बघायची, आणि आरतीच्या वेळी कोण नुसतेच ओठ हलवतंय तेही बघायची. त्या वर्षी काकीने स्वतः खटपट करून आत्यासाठी स्थळ आणलं होतं. तिचाच चुलतभाऊ, रेवदंड्याचा, मुंबईत छापखान्यात नोकरीला. मुलगा येऊन पाहून गेला होता, पसंती झाली होती, सुपारीचं काम आटोपलं की साखरपुडा ठरला होता. आत्याचं वय तेव्हाच्या हिशेबाने पुढे गेलेलं. हे मोडलं तर दुसरं मिळणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणी नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच होडीचा सिनेमा घोटाळ्यात सापडला. शेजारच्या भागीरथीबाय आमच्याकडे सोलायला यायच्या. त्यांचा जावई अलिबागला असायचा. तो आला होता, त्याने तो सिनेमा पाहिला होता, आणि तो सांगत होता की सगळं अलिबाग एका सीनबद्दल बोलतंय. काळोखी रात्र, नायक होडी ढकलतो, होडीत कंदील असतो, आणि लांब गेल्यावर तो कंदील पाण्यात पडून विझतो. बस्स. पडदा काळा. थेटरात बायका हुंदके देतात म्हणे. भागीरथीबायनी भाबडेपणाने हे येऊन अंगणात सांगितलं. "वनू, तू तर दुपार म्हनलीस गो." आत्याने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मला कंटाळा आला व्हता, मधे डोळा लागला असंल." बायका परत सोलायला लागल्या. पण मी काकीकडे बघितलं. तिची सुरी सुपारीत तशीच रुतून राहिली होती.

त्या दिवशी संध्याकाळी काकीने मला विहिरीवर गाठलं. "मंदे, खरं सांग. ती थेटरात जाते का न्हाय?"

"जाते की."

"तू बघितलंयस?"

"न्हाय."

"मग कशावरनं म्हनतेस? सिनेमा सगळ्या अलिबागेला रातचा दिसतो आन हिला दुपारचा. कुनाबरबर बसते ती तिकडं, कुठं जाते, मला कळाय पायजे. माझ्या माहेरचं स्थळ हाय. उद्या काय निघालं तर माझं नाक कापलं जाईल, आन तिचं तर काय ऱ्हानारच न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पुढच्या खेपेला तू जा तिच्यासंगं. काय म्हनाली, कुठं गेली, कोन भेटलं, सगळं मला येऊन सांग."

म्हणजे मला हेर नेमलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एक तर पहिल्यांदा थेटर बघायला मिळणार होतं, आणि दुसरं म्हणजे माझ्या स्वतःच्या संशयाचा निकाल लागणार होता. मला तेव्हा वाटत होतं, आत्या थेटरात जातच नाही. कुठेतरी बसून मनाने सिनेमा रचते आणि येऊन आमच्या गळ्यात मारते. चिडले होते मी. तो घाऱ्या डोळ्यांचा नट खोटा निघाला तर मी कुणाशी भांडू?

आम्ही एस.टी.ने निघालो. आत्याने अबोलीचा गजरा माळला होता, मी घट्ट वेण्या घातल्या होत्या. नेहमी ती खूप लवकर निघायची; त्या दिवशीही निघाली होती, पण गाडी रस्त्यात बंद पडली आणि दुसरी येईपर्यंत आम्ही चिंचेखाली उभ्या. आत्या सारखी सूर्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. वाटेत कुणी भेटतं का, कुणाला खूण करते का. कुणी नाही. अलिबागला उतरल्यावर ती झपाझप चालत थेट थेटरावर गेली, तिकिटं काढली, माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. म्हणजे थेटर खरं होतं. माझा अर्धा संशय तिथेच गळाला आणि मला जरा वाईटच वाटलं.

खेळ सुरू झाला होता. दरवाजावर जाड पडदा होता. तो बाजूला सारून आम्ही आत पाऊल टाकलं आणि आत्या थांबली. नुसती थांबली नाही, खिळल्यासारखी झाली. मग तिचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिने खांदा असा आवळला की मी कळवळले. "हळू चल," ती म्हणाली, "माझ्या पुढं चल." आवाज तिचा नव्हता. वाडीतून पान न वाजवता चालणारी माझी आत्या तिथे पाय घासत, चाचपडत चालत होती. एका माणसाच्या पायावर पाय पडला, दुसऱ्याच्या मांडीवर जवळजवळ बसलीच. "ओ बाई, दिसत नाही का?" असं तो ओरडला. माझं सगळं अंग शरमेने तापलं. कसंबसं आम्हाला कडेचं बाकडं मिळालं.

सिनेमा दोन बहिणींचा होता. मी पहिल्यांदाच पडदा बघत होते, पण खरं सांगते, सिनेमा मी थोडा बघितला आणि आत्याला जास्त. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता. उजेडाचा प्रसंग असला की ती मान हळूहळू इकडून तिकडे फिरवायची, भिंतीवरच्या चित्राचा एकेक तुकडा बघावा तशी. आणि पडद्यावर रात्र झाली की डोळे मिटून घ्यायची. मान कलती करून ऐकत राहायची. असं माणूस दुःखात असलं की करतं, पण पडद्यावर तर अजून काही झालंच नव्हतं. नुसती रात्र झाली होती. मग ती हलकेच म्हणाली, "मंदे, आत्ता पावलं वाजली ती कुनाची?"

पडद्यावर मोठी बहीण समोर उभी होती. अख्ख्या पडद्याएवढी.

"मोठीची," मी म्हटलं.

"हातात काय हाय?"

"दिवा."

"आन तोंड कसं केलंय?"

मी तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. मग सांगायला लागले. पातळाचा काठ, कपाळावरचं कुंकू, थरथरणारी ज्योत, खिडकीबाहेरचा माणूस. पुढच्या बाईने दोनदा मागे वळून "शूऽ" केलं. मी आवाज आणखी खाली आणला, पण थांबले नाही. खर्जातला नट आला तेव्हा मी त्याच्या आवाजावरून त्याला ओळखलं. बुटका होता. पोट होतं. डोळे आपल्यासारखेच काळे. पण ते मी तिला सांगितलं नाही, तिच्या नटाचं तेवढं तरी तसंच राहावं असं वाटलं.

दिवे लागल्यावरही ती बसून राहिली, सगळी माणसं जाईपर्यंत. बाहेर उन्हात आलो आणि आत्या परत आत्या झाली. ताठ मान, झपाझप पाऊल. एस.टी.त मी विचारलं, "आत्या, तुला दिसत न्हाय?"

"दिवसा दिसतं की," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "समोरचं दिसतं. बाजूचं न्हाय दिसत, नळीतनं बघावं तसं. आन अंधार झाला की पडदाच पडतो. हल्ली नळी बारीक व्हायला लागलीय."

"कुनाला माहीत हाय?"

"आता तुला."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मुंबईला खोलीत विजेचा दिवा असतो म्हनतात. बटन दाबलं की उजेड. तिकडं मला जमंल गो." हे ती माझ्याशी बोलत नव्हती. काकीला काय सांगशील, हेही तिने विचारलं नाही. मला मात्र कळत होतं, की काकीला खरं सांगितलं तर लग्न मोडेल, आणि नाही सांगितलं तर काकी तिच्या वागण्यावर बोट ठेवेल आणि लग्न तरीही मोडेल. हा एवढा पेच एस.टी.त बसलेल्या मुलीच्या मांडीवर कुणी ठेवू नये. सूर्य माडांच्या मागे जायच्या आत आम्ही घरी पोहोचलो.

मी पाय धुवायच्या आधीच काकीने मला मागल्या दारी घेतलं. "गेली व्हती?"

"थेटरातच गेली. सगळा सिनेमा बघितला."

"कोन भेटलं?"

"शेंगवाला."

काकीने माझ्या डोळ्यांत बघितलं. माशाचा कल्ला बघायची तसं. पण आणखी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवाखाली आत्या दोन बहिणींचा सिनेमा सांगायला बसली. मी तिच्या मागे बसून सालं गोळा करत होते. आणि आत्याच्या सिनेमात पहिल्यांदा रात्र झाली. दिवा थरथरला, काठ चमकला, खिडकीबाहेर माणूस उभा राहिला. माझेच शब्द, पण तिच्या तोंडून असे आले की माझ्या अंगावर काटा आला. भागीरथीबायनी सुरी खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात काकी म्हणाली, "वन्सं, आज रात कशी झाली?"

आत्याने ढिगातली एक सुपारी उचलली.

"एवढी वर्सं तुमच्या शिनेमात रात न्हाय. काल पोर संगं व्हती म्हनून आज झाली. म्हंजे मागच्या खेपांना तुमी थेटरात नव्हताच. मग कुठं व्हतात? सांगा ना, सगळ्या जनी हाइत. मी उद्या माझ्या माहेरच्यांना काय सांगू?"

अंगणात सुऱ्या थांबल्या. माझी आई "अहो जाऊबाई" एवढंच पुटपुटली. मी उठून काहीतरी बोलणार होते, काय ते माझं मलाही माहीत नव्हतं, पण आत्याने मागे न बघता हात करून मला बसवलं. ती काही क्षण हातातल्या न सोललेल्या सुपारीवरून अंगठा फिरवत राहिली. मला अजून तो अंगठा दिसतो. तिला एका बाजूला बदनामी होती आणि दुसऱ्या बाजूला ती नळी, आणि दोन्हीकडून मुंबईचा तो विजेचा दिवा जाणार होता.

"थेटरातच व्हते वहिनी," ती म्हणाली. "दर खेपेला. कंदील पडला असंल पान्यात. मला दिसला न्हाय. मला रात दिसत न्हाय. पडद्यावरची बी न्हाय आन अंगनातली बी न्हाय."

काकीचा विश्वास बसला असता तर ती काकी कसली. ती उठली, मागच्या माजघरात गेली, परसाकडचं दार ओढून घेतलं. भर दुपारी तिथे अंधार असायचा. आतून हाक आली, "इकडं या. उंबऱ्यात उभ्या ऱ्हावा. माझ्या हातात काय हाय?"

आत्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"किल्ल्या वाजतायत तुमच्या," आत्या म्हणाली. "हात न्हाय दिसत. तुमी बी न्हाय दिसत."

काकी बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा कुणाकडे न बघता जागेवर बसली आणि सोलायला लागली. शेवटी भागीरथीबाय, देव त्यांचं भलं करो, घसा साफ करून म्हणाल्या, "मंग त्या भैनींचं पुढं काय झालं गो?" आणि आत्या परत येऊन बसली, पदराने तोंड पुसलं, आणि तिने पुढचं सांगितलं.

त्या संध्याकाळी दादांनी सगळ्यांना बजावलं, की ही गोष्ट अंगणाबाहेर जायची नाही. लग्न होऊन जाऊ दे, पुढचं पुढे. आईनेही मान हलवली. सकाळी मी उठले तर काकी ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होती. पहिल्या गाडीने रेवदंड्याला गेली आणि चुलतभावाच्या घरी जाऊन सगळं सांगून आली. ती माणसं काही वाईट नव्हती. त्यांनी काकीला जेवू घातलं आणि नको म्हणाली.

काकीने ते का केलं, याचा मी आजवर निकाल लावू शकलेले नाही. आपल्या माहेरची माणसं फसू नयेत म्हणून केलं, की आत्याला रोज रात्री खोटं बोलून जगावं लागू नये म्हणून, की नुसता स्वतःचा संशय खरा ठरल्याचा ठसका? मी काकीला ती मरेपर्यंत विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिच्या उत्तरावर माझा विश्वास बसला नसता. दादा पुष्कळ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. एवढं मात्र मी डोळ्यांनी बघितलंय, की आत्याला मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे काकीच घेऊन गेली, आणि याला औषध नाही हे ऐकून परत येताना बोटीच्या धक्क्यावर रडली ती काकीच, आत्या नाही. आणि त्यानंतर दिवेलागणीला आत्या मागल्या दारी निघाली की काकी काही न बोलता तिच्या पुढे चालायची, आणि चालताना कमरेच्या किल्ल्या मुद्दाम वाजवायची. त्या आवाजामागून आत्या विहिरीवर जायची आणि परत यायची. दोघी त्या वाटेवर एकमेकींशी बोलल्याचं मला आठवत नाही.

आत्याचं लग्न झालं नाही. आमच्या आळीचे सिनेमे मात्र ती आणतच राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. पुढे माझं लग्न गावातच झालं आणि आमच्या थेटराच्या खेपा चालूच राहिल्या. आता काकी नाही, भागीरथीबाय नाहीत, सुपाऱ्या सोलायला माणसं मिळत नाहीत. आत्या आहे, माझ्याकडे असते, दिवसाही काही दिसत नाही. दुपारी जेवणं झाली, खोल्यांमधले पाहुणे समुद्रावर गेले, की मी नातवाचा जुना फोन घेऊन तिच्याजवळ बसते आणि एखादा सिनेमा लावते. तिने ऐकायचं, मी बघायचं आणि सांगायचं. तो होडीचा सिनेमाही एकदा सापडला. रात्र, कंदील, सगळं भागीरथीबायच्या जावयाने सांगितलं तसंच होतं. चांगला होता. पण मी तो पुन्हा लावला नाही. माझी होडी दुपारीच जाते.

परवा आम्ही एक सिनेमा बघत होतो, मुलाची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्याचा. शेवट आला. मी सांगितलं, "मुलगा आला, म्हाताऱ्याने त्याचा हात धरला, झालं." आत्या सुपारीचं खांड गालात धरून बसली होती. मग म्हणाली, "मंदे, तुझ्या शिनेमात हल्ली कुनी मरत न्हाय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे काय? बाजा रडका वाजतो आन तू सांगतेस मुलगा घरी आला. गेल्या आठवड्यात ती बाई बी बरी झाली म्हनालीस. मी कान देऊन बसते गो. शेवटाला तू घाई करतेस." ती माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्या आवाजाकडे. "मी साऱ्या आळीला फसवून शिनेमे सांगितले, आन तू मला फसवतेस? मेला ना तो?"

बाहेर पाहुण्यांची मुलं वाळूचे पाय घेऊन ओटीवर आली होती. मी फोन हातात धरून बसले. मग म्हटलं, "हो. मेला."

"मुलगा यायच्या आधी?"

"आधी."

"कवा?"

"रात्री. एकटाच."

"मंग मागं घे तो," आत्या म्हणाली. "आन रात नीट सांग."

मी सिनेमा मागे घेतला. खाट सांगितली, विझत आलेली चूल, उघडं दार, दाराबाहेरचा काळोख. म्हाताऱ्याचा हात खाटेवरून खाली आला तिथे माझा आवाज थांबला. आत्याने हात पुढे केला, चाचपडत माझा खांदा शोधला आणि थेटरात आवळला होता तसाच आवळला.

"सांग," ती म्हणाली.